खडीच्या वाटेवरचा भोंगा

पगाराच्या दिवशी त्याचं खरं नाव पुकारलं की रांगेतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, हा कोण बुवा नवीन भरती झाला? मग वायरमन पुढे सरकायचा आणि हशा पिकायचा. "अरे, भोंगा होय!" खाणीवर तो भोंगाच होता. बायको रागावली की तीसुद्धा "अहो भोंगा" म्हणायची, आणि तिला रागवायला फारसं निमित्त लागत नसे.

नाव पडलं कामावरून. खडीची खाण टेकडीच्या पोटात होती आणि दगड फोडायचं यंत्र, गॅरेज, कामगारांच्या खोल्या हे सगळं ओढ्याच्या अलीकडे. मध्ये पूल नव्हता. मालक दरवर्षी पुलाचं बोलायचा आणि दरवर्षी डंपर पाण्यातूनच जायचे. कोरड्या दिवसांत पाणी टायरच्या निम्म्याला लागायचं, पाऊस लागला की बंपरवरून उसळायचं. पलीकडे उतरलं की चढ, चढाच्या तोंडाशी आंधळं वळण, आणि वळणावर बारा महिने गुडघाभर चिखलाची राड. दिवस संपता संपता गाडीचा मूळ रंग कोणता हे सांगणं मुश्कील व्हायचं.

ब्रेक, इंजिन बघायला दुसरे मिस्त्री होते. वायरिंग याच्याकडे. आणि वायरिंगमध्ये सगळ्यात नाठाळ जनावर म्हणजे हॉर्न. त्याचं तोंड उघडं, बसवलेला सगळ्यात पुढे आणि सगळ्यात खाली. गाडी पाण्यात शिरली की पहिला घोट तोच घ्यायचा. पाणी निथळलं तरी आत गाळ राहायचा, ओला असेपर्यंत तो आतल्या थरथरणाऱ्या पत्र्याच्या पडद्याला चिकटून बसायचा, आणि मग कितीही दाबा, महाशय मौनात.

भोंग्याने हे जनावर हळूहळू माणसाळवलं होतं. सगळ्या डंपरांचे हॉर्न त्याने बंपरमागून काढून जाळीच्या वर, उंच बसवले. तोंडं जमिनीकडे केली, म्हणजे शिरलेलं पाणी आपसूक गळून जाईल. जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी कापून प्रत्येकापुढे पडद्यासारखी लावली. वायरींच्या टोकांना तो ग्रीस थापायचा, कारण ओलीने तिथे हिरवं बुरशीसारखं काहीतरी चढायचं आणि करंट तिथेच अडायचा. तरी ते बंद पडायचेच. मग हा बॅटरीपासून दोन वायरी थेट हॉर्नला लावून बघायचा. वाजला तर खोट वायरीत. नाही वाजला आणि आतून नुसतं टक् टक् आलं तर खोट पोटात. मग खोला, स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात उलटा ठेवा, मागचा स्क्रू जरा जरा फिरवत आवाज परत गळ्यात आणा. पाइपचा जोराचा फवारा मारून हॉर्न धुणाऱ्यावर तो पिसाळायचा. "मेल्या, चिखल बाहेर काढतोयस की आत ठासतोयस?"

हे सगळं कौतुक उगाच नव्हतं. वळणावर प्रत्येक गाडीने लांब हॉर्न द्यायचा, हा खाणीचा नियम होता. डंपरची केबिन उंच. नाकासमोर उभा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. आणि वळणापुढच्या चढावर बायका काम करायच्या. चाकांनी उकरलेली राड फावड्याने ओढायची, तिथे खडी पसरायची, गाडी आली की बाजूला व्हायचं, गेली की परत तेच. पावसात डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेली असायची. त्यावर थेंबांचा इतका ताशा वाजायचा की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. ऐकू यायचा तो फक्त हॉर्न.

त्या बायकांची म्होरकी म्हणजे भोंग्याची बायको. तिला सगळी खाण वहिनी म्हणायची, मुकादमापासून मालकापर्यंत. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. "घरात एक भोंगा पुरे होता, देवानं दोन दिले," असं भोंगा म्हणायचा आणि तिच्या हाताच्या टप्प्यातून लांब सरकायचा. त्यांना एकच मुलगी, लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली.

शेजारच्या खोलीत भोंग्याची धाकटी बहीण राहायची. मधली भिंत इतकी पातळ की इकडे कुणी खोकलं तर तिकडून "दादा, काढा करू का?" असं विचारलं जाई. तिचा नवरा डंपर चालवायचा. त्याला इथे भोंग्यानेच चिकटवलं होतं, म्हणून सगळे त्याला जावई म्हणत. "जावईबापू, आज फेऱ्या किती?" "जावयाला चहा द्या रे." तो लाजायचा. अबोल माणूस, हात मात्र स्टिअरिंगवर पक्का. वहिनीचं त्याच्यावर विशेष लक्ष. स्वतःच्या डब्यातलं निम्मं ती त्याच्या डब्यात सारायची आणि वर दम द्यायची, "उरवून आणलंत तर बघा."

त्या वर्षी पाऊस मागे हटायला तयार नव्हता. ओढा सतत गढूळ, भरलेला. त्या दिवशी सकाळीच खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप बंद पडला. खड्डा भरला असता तर काम ठप्प झालं असतं, म्हणून मुकादमाने भोंग्याला तिकडे पिटाळलं. तो मोटर खोलून, चिखलात मांडी ठोकून बसला.

इकडे जावयाचा हॉर्न गेला. दुपारच्या फेरीत ओढ्यात पाण्याचा लोंढा आला, लाट काचेपर्यंत उसळली, आणि त्यानंतर हॉर्न वाजला नाही. अलीकडे आल्यावर त्याने मुकादमाला सांगितलं. मुकादम छत्रीखाली उभा होता.

"वायरमन पंपावर आहे," मुकादम म्हणाला. "आला की दाखव. आता यंत्र रिकामं फिरतंय, एक फेरी मारून ये."

"वळणावर बायका आहेत."

"मग हळू जा. काचेतून ओरड. तोंड दिलंय ना देवानं?"

जावई गेला. वळणाआधी त्याने गाडी अगदी हळू केली, खिडकीतून अर्धा बाहेर झुकून ओरडला. पावसाने ते ओरडणं तिथल्या तिथे गिळलं. सवयीने हात हॉर्नवर दाबलेलाच होता. दोन बायका दिसल्या, बाजूला होताना. तिसरी त्याला दिसलीच नाही. ती खाली वाकून, पाठ करून, चाकाच्या वाटेतला एक मोठा धोंडा पहारीने हलवत होती.

भोंग्याला हाका ऐकू आल्या तेव्हा त्याला वाटलं पंपाचं काहीतरी झालं. तो धावत पोचला तेव्हा वहिनी जिवंत होती. बोलत नव्हती, पण डोळे उघडे होते आणि ते त्याच्यावर खिळले. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या तोंडावर पाऊस पडत होता, म्हणून तो तिच्यावर ओणवा झाला. दवाखान्याची गाडी ओढ्याच्या अलीकडेच येऊन थांबली, पण ओढा ओलांडायची तिच्या ड्रायव्हरची छाती होईना. शेवटी तिला डंपरमधूनच अलीकडे नेलं. तोपर्यंत सगळं आटोपलं होतं.

जावई वळणावरच चिखलात बसून होता. पोलिसांनी उठवलं तेव्हा उठला.

त्याच संध्याकाळी मुकादमाने डंपर धुवायला लावला. "रक्त बघून माणसं बिथरतात," म्हणाला. पाइपने धुतला, मग शेडमध्ये उभा केला. दोन दिवसांनी चौकशीचे साहेब आले. त्यांनी केबिनमध्ये चढून हॉर्न दाबला आणि तो असा वाजला की शेडवरची कबुतरं उडाली.

सगळी खाण तिथे उभी होती. त्या आवाजाने जावयाचं आता काय होणार ते सगळ्यांना कळलं. हॉर्न बंद होता असं तो सांगत होता, आणि हॉर्न तर चांगला ठणठणीत. मुकादमाने साहेबांना सांगितलं, हॉर्न बंद असल्याचं माझ्याकडे कुणी बोललं नाही, बोललं असतं तर मी गाडी सोडली असती का?

भोंगाही तिथे होता. त्या आवाजासरशी तो संतापला. त्याला हवा तो माणूस सापडला होता. चाकाखाली बायको गेली आणि ह्याला हॉर्न दाबायची शुद्ध नव्हती. वर खोटं बोलतो.

मुलगी शहरातून आली होती. ती रडून रडून कोरडी झाली होती. "बाबा, ती लगेच गेली ना?" एवढंच ती परत परत विचारायची. आणि तो म्हणायचा, हो, लगेच. तिलाही हॉर्नचं कळलं. मधल्या भिंतीकडे बघून ती इतक्या मोठ्यांदा बोलली की पलीकडे ऐकू जावं, "त्याला सोडू नका, बाबा. आत्याचं तोंड बघून सोडू नका." भिंतीपलीकडे भांड्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी दारात आली. आत आली नाही. पदर तोंडाशी धरून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"दादा, मी काही मागायला आले नाही. मागायला तोंड कुठंय? फक्त एकदा त्यांना जाऊन भेट. मला ते काही सांगत नाहीत. तुला सांगतील."

"मला काय सांगणार तो?"

"मला माहीत नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंच मला माहीत आहे. आल्यागेल्याशी धड खरंसुद्धा बोलता येत नाही त्यांना."

तो गेला तो शिव्या द्यायला. चौकीतल्या बाकावर जावई गुडघ्यांत मान घालून बसला होता. दाढी वाढलेली, कपड्यांवर त्याच दिवसाचा चिखल वाळून पापुद्रे सुटलेले. भोंग्याला बघून तो उभा राहिला, आणि मग पाय धरावेत की नाही हे न कळून तसाच अर्धवट वाकून राहिला.

"दाबला होतास का?" भोंग्याने विचारलं.

"दाबून धरला होता."

"मग वाजला का नाही?"

"माहीत नाही, दादा. काहीच वाजत नव्हतं. नुसतं आतून टक् टक् येत होतं. बोटाला लागत होतं. पोलिसांना ते सांगितलं, ते म्हणाले हॉर्न वाजतो की नाही तेवढं सांग." तो थांबला. "मुकादमाला सांगितलं होतं मी."

भोंगा बाहेर आला. चौकीच्या पायरीवर बसला.

टक् टक्. हॉर्न दाबलाच नसता तर ही गोष्ट त्याला सुचली नसती. दाबून वाजला असता तर टक् टक् आलं नसतं. आणि वायर सुटली असती तर काहीच आलं नसतं. करंट येत होता, पडदा धडपडत होता आणि ओला गाळ त्याला हलू देत नव्हता. दोन दिवस कोरड्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी. पाणी गळून गेलं, गाळ वाळून पडद्यापासून सुटला, आणि हॉर्न साहेबांच्या बोटाखाली शहाण्यासारखा वाजला. असे वाळून परत बोलू लागलेले हॉर्न त्याने खंडीभर पाहिले होते. शेडमध्ये उभा असताना हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला ते आठवायचं नव्हतं.

गॅरेजमध्ये त्याने तसलाच एक जुना हॉर्न घेतला. ओढ्यावर गेला, गढूळ पाण्यात बुडवला, तिथलाच गाळ आत जाऊ दिला, परत येऊन बॅटरीला लावला. टक् टक्. मग तो छपराखाली टांगून ठेवला. रोज जाऊन लावून बघायचा. पहिल्या दिवशी टक् टक्. दुसऱ्या दिवशी घसा बसल्यासारखा घोगरा. आणि तिसऱ्या सकाळी तो पूर्ण आवाजात ओरडला. भोंग्याने वायर सोडली नाही. हॉर्न ओरडत राहिला आणि हा त्याच्यापुढे उभं राहून रडत राहिला. गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून बाहेर निघून गेली.

मुलगी अजून होती. त्याने तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

"म्हणजे तुम्ही त्याच्या बाजूनं बोलणार," ती म्हणाली.

"बाजू कसली? जे झालं ते सांगणार."

"कुणी विचारलंय तुम्हाला? ते साहेब परत येऊन विचारणार आहेत? तुम्ही गप्प बसलात तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"त्याचं बिघडेल."

"बिघडू दे ना!" ती किंचाळली. "आईचं किती बिघडलं?"

ती त्याच दिवशी निघून गेली. बसमध्ये चढताना तिने त्याला पिशवीही उचलू दिली नाही.

तो चौकशीच्या साहेबांकडे गेला, तो टांगलेला हॉर्न आणि बाटलीत भरलेलं ओढ्याचं पाणी घेऊन. साहेब चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, करून दाखव म्हणाले, वाळेपर्यंत हॉर्न ठेवून घेतला, बघितलं, आणि विचारलं, "पण हाच हॉर्न त्या दिवशी बंद होता, हे यावरून कसं ठरतं?"

"नाही ठरत," भोंगा म्हणाला. "बंद असू शकतो, एवढंच ठरतं. बाकी मुकादमाला विचारा. त्यांनी मला पंपावर पाठवलं होतं. गाडी उभी करून मला हाक मारली असती, तर मी आलो असतो. ज्याची बायको गेली तो माणूस हे सांगतोय, एवढं लिहून घ्या."

लिहून घेतलं गेलं. मग वळणावरच्या एका बाईला धीर आला. ती अलीकडे टोपली न्यायला आली होती, तेव्हा जावई आणि मुकादमाचं बोलणं तिने ऐकलं होतं. जावई सुटला. मुकादमाला काही झालं नाही. त्याची दुसऱ्या खाणीवर बदली झाली, म्हणे बढतीवर. भोंग्याला मालकाने बोलावून सांगितलं की आता गाड्यांचं वायरिंग बाहेरून करून घेऊ. खोली रिकामी करायला मुदत दिली. वळणावर मात्र एक पाटी लागली: हॉर्न द्या.

जावई परत कधी स्टिअरिंगला बसला नाही. धाकटी त्याला घेऊन दुसऱ्या गावी गेली, तिथे तो एका गोदामात पोती रचायचं काम करू लागला. निघताना ती भावाच्या गळ्यात पडली. जावई लांबच उभा होता. भोंगा त्याच्यापर्यंत गेला आणि त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "जेवत जा." त्याला आणखी काही बोलायचं होतं, म्हणजे मी तुला माफ केलं वगैरे, पण ते खरं आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती.

आता तो मोठ्या रस्त्याच्या कडेला एका टपरीत बसतो. मागे खोली, पुढे दुकान. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं मोठाल्या जीपा घेऊन नदीपात्रात, रानात गाड्या चिखलात घालायला जातात आणि येताना त्याच्याकडे थांबतात, चिखलाने माखलेली, हसत खिदळत. याचा दिवा गेला, त्याचा हॉर्न गेला. हा मुकाट्याने हॉर्न उतरवतो, धुतो, वाळवतो, तोंड खाली करून परत बसवतो. आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. पाण्यातून बाहेर आलात की आधी थांबा. हॉर्न दाबून बघा. वाजला नाही तर पुढे माणूस आहे असं धरून चाला, खाली उतरून बघा, कुणालातरी पुढे चालत पाठवा.

"काका, रानात कोण येतंय हॉर्न ऐकायला?" एकजण म्हणाला.

"येतं कोणीतरी," भोंगा म्हणाला आणि स्क्रू फिरवत राहिला.

मुलीला मूल झाल्याचं त्याला धाकटीकडून कळलं. तिलाही ते कुणा तिसऱ्याकडून कळलेलं. बरेच दिवस तो जाऊ की नको करत होता. मग एका सकाळी दुकान बंद करून गेला.

दार तिनेच उघडलं. क्षणभर तिला तो ओळखू आला नसावा, इतका उतरला होता. "या," म्हणाली. पाणी दिलं. तिचा नवरा कामावर गेला होता. मूल आत झोपलं होतं. ती समोर बसली, पदराच्या टोकाशी चाळा करत.

"आत्याकडं जाता का?"

"जातो. कधीमधी."

"तो असतो?"

"असतो. बोलत नाही फारसं."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"आई लगेच गेली नव्हती ना?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं, इतकी वर्षं घोकलेलं.

"नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे बघत होती. मी होतो तिच्याजवळ."

ती उठून आत गेली. मग मूल रडायला लागलं, आणि ती त्याला समजावू लागली. भोंगा बाहेर तसाच बसून राहिला. जा असं तिने म्हटलं नव्हतं, आणि थांबा असंही नाही.